आठ बुरुजांचा किल्ला आणि तीन कैदी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

किल्ला म्हटला की आपल्या मराठी माणसाच्या मनात एक यादी तयारच असते. तटबंदी हवी, खंदक हवा, पागा हवी, अंबरखाना हवा, शिबंदीला राहायला घरे हवीत. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात एका टेकडीवर असा एक किल्ला उभा आहे, की ही यादी घेऊन तिथे गेलात तर हाती फारसे काही लागणार नाही. खंदक नाही. उचलता पूल नाही. पागा सापडत नाही, मुदपाकखाना कुठे होता ते कळत नाही. बाण मारण्यासाठी भिंतीत ज्या फटी ठेवतात, ज्यांना आपण जंग्या म्हणतो, त्या आहेत. पण इतक्या अरुंद आणि इतक्या अडचणीच्या जागी, की त्यांतून नेम धरणे कठीणच. तरीही जवळजवळ आठशे वर्षे लोक त्याला किल्लाच म्हणत आले आहेत. कास्तेल देल मोन्ते, म्हणजे डोंगरावरचा किल्ला.

'डोंगर' हा शब्दही इथे जरा जपूनच घ्यायचा. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे खरी, पण आजूबाजूचे मुर्जे नावाचे चुनखडीचे पठारच उंच. त्यातून वर आलेला हा एक उंचवटा. सह्याद्रीत वाढलेला माणूस त्याला टेकाड म्हणेल. मात्र सभोवती सगळे उघडेबोडके, लहरत गेलेले माळरान असल्यामुळे ती फिकट दगडाची आकृती कितीतरी मैलांवरून दिसते. आंद्रिया हे गाव तिथून अठराएक किलोमीटरवर. स्वच्छ हवेत एड्रियाटिक समुद्राचा पट्टाही दिसतो.

आता इमारतीचा आराखडा डोळ्यांसमोर आणा. एक अष्टकोन. त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ बुरूज, आणि प्रत्येक बुरूज पुन्हा अष्टकोनीच. मधले अंगण अष्टकोनी. त्या अंगणाभोवती तळमजल्यावर आठ दालने, वरच्या मजल्यावर आठ दालने. दालने आकाराने समलंब चौकोनी, म्हणजे अंगणाकडे अरुंद आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद, कापलेल्या मोदकाच्या फोडीसारखी म्हणा. बुरूज साधारण चोवीस मीटर उंच, सगळ्या इमारतीचा व्यास छप्पन्न मीटरांच्या आसपास आणि अंगणाचा अठराच्या आसपास. आपल्या एखाद्या मोठ्या गढीएवढाच हा पसारा. राजगडाच्या एका माचीवर असे कितीतरी मावतील. पण आकाराची ही शिस्त इतकी कडक आहे, की पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो 'कुणी बांधला' हा नव्हे, 'कशासाठी बांधला' हा. या प्रश्नाने गेल्या शंभर-दीडशे वर्षांत भल्याभल्यांची झोप उडवली आहे.

बांधणारा मात्र ठाऊक आहे. होहेनश्टाउफेन घराण्यातला दुसरा फ्रेडरिक, पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट आणि सिसिलीचा राजा. जन्म २६ डिसेंबर ११९४, इटलीतल्या येसी गावी. बाप जर्मन सम्राट, आई सिसिलीच्या नॉर्मन राजघराण्यातली. चार वर्षांचा होण्याच्या आतच बाप गेला आणि मग आईही गेली. पोर वाढले पालेर्मोत, जिथल्या रस्त्यांवर लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषा ऐकू येत. १२२० मध्ये रोमला तो सम्राट झाला. १२२४ मध्ये त्याने नेपल्सला विद्यापीठ काढले, आणि तेही कशासाठी, तर राज्यकारभाराला शिकलेली माणसे मिळावीत आणि मुलांना परराज्यात जावे लागू नये म्हणून. १२३१ मध्ये मेल्फी इथे सगळ्या राज्यासाठी कायद्याची संहिता जाहीर केली. बहिरी ससाण्यांकरवी शिकार कशी करावी यावर त्याने लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पक्ष्यांच्या पंखांची, स्थलांतराची निरीक्षणे आहेत आणि स्वतः पाहिल्याखेरीज ॲरिस्टॉटलवरही विश्वास ठेवायचा नाही असा बाणा आहे. पिसाचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, तो या राजाला भेटला होता. आपल्याकडचे दशमान अंक युरोपच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचवणारे जे पुस्तक, ते याच लिओनार्दोचे, १२०२ सालचे; आणि त्यात त्याने त्या अंकांना सरळ 'भारतीयांचे अंक' म्हटले आहे. मागाहून केलेली त्याची सुधारित आवृत्ती फ्रेडरिकच्या दरबारातल्या एका विद्वानाला अर्पण केलेली आहे.

हे वाचून फ्रेडरिक म्हणजे कुणी उदारमतवादी आधुनिक माणूस होता, असे समजू नये. सिसिलीतल्या मुसलमान प्रजेने बंड केले तेव्हा त्याने हजारोंना बेटावरून उचलून पुलियातल्या लुचेरा गावी नेऊन वसवले. तिथे त्यांना धर्म पाळू दिला आणि त्यांच्यातूनच आपले तिरंदाज आणि अंगरक्षक घेतले. मुळापासून उखडलेली माणसे राजाशी एकनिष्ठ राहतात, कारण त्यांना दुसरे कुणी नसते, हा हिशेब त्याला नीट कळत होता.

पोपशी त्याचे हाडवैर. धर्मयुद्धावर जायला उशीर केला म्हणून १२२७ मध्ये पोपने त्याला बहिष्कृत केले. बहिष्कृत असतानाच तो पॅलेस्टाइनला गेला आणि इजिप्तच्या सुलतानाशी, अल-कामिलशी, वाटाघाटी करून फेब्रुवारी १२२९ मध्ये त्याने जेरुसलेम मिळवले. मोठी लढाई झाली नाही. ज्यासाठी आधीच्या मोहिमांत रक्ताचे पाट वाहिले होते ते शहर करारावर सही करून मिळाले, आणि याचाच राग दोन्हीकडच्या कट्टर लोकांना आला. अरबी बखरकारांनी एक गोष्ट नोंदली आहे. सम्राट शहरात मुक्कामाला असताना काझीने त्याचा मान राखण्यासाठी बांगीला मनाई केली. तर सकाळी सम्राटाने उलट विचारले, की बांग का झाली नाही, मला तर तीच ऐकायची होती. गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडा. पण त्या शहरात त्याने एक इमारत नक्की पाहिली होती, आणि ती आपल्या विषयाशी निगडित आहे. सोन्याच्या घुमटाची ती प्रसिद्ध वास्तू, डोम ऑफ द रॉक. तिचा आराखडा अष्टकोनी आहे.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात, अष्टकोन जेरुसलेमहून आला. दुसरे म्हणतात, इतके लांब कशाला जायचे? १२१५ मध्ये आखेन इथे ज्या चर्चमध्ये फ्रेडरिकला राज्याभिषेक झाला, शार्लमेनच्या त्या राजचर्चचा गाभाही अष्टकोनीच आहे. साम्राज्याचा मुकुट आठ पट्ट्यांचा आहे. शिवाय ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्म्याची कुंडे अष्टकोनी करायची चाल जुनीच. थोडक्यात, त्या काळच्या सुशिक्षित राजाला अष्टकोन चारी बाजूंनी दिसत होता. त्यातली नेमकी कुठली बाजू त्याच्या मनात होती, हे त्याने लिहून ठेवलेले नाही.

लिहून ठेवले आहे ते वेगळेच. २९ जानेवारी १२४० या तारखेचा एक हुकूम आहे. सम्राट त्या वेळी मध्य इटलीत गुब्बिओ इथे होता. पोपने वर्षभरापूर्वीच त्याला दुसऱ्यांदा बहिष्कृत केले होते आणि लढाई पेटलेली होती. अशा धामधुमीत तो कापितानाता जिल्ह्याच्या सुभेदाराला, रिकार्दो दा मोन्तेफुस्कोलोला, कळवतो : सांता मारिया देल मोन्तेजवळ जो किल्ला आम्हाला करायचा आहे, तो जरी तुझ्या हद्दीत नसला तरी त्यासाठी चुना, दगड आणि लागेल ते सगळे सामान विनाविलंब जमव, आणि काम कसे चालले आहे ते कळवत जा. म्हणजे या किल्ल्याच्या जन्माची एकमेव अस्सल नोंद काय सांगते? चुना आणि दगड. हुकूम वाचताना मला त्यातला 'तुझ्या हद्दीत नसला तरी' हा भाग फार आवडतो. कुठल्याही काळातल्या सरकारी कचेरीत हद्दीचा प्रश्न आधी निघणार, हे राजाला पक्के माहीत होते.

या हुकुमातल्या एका शब्दावरही पंडितांनी भांडून घेतले आहे. एक वाचन धरले तर अर्थ निघतो 'बांधकामाचे साहित्य'; म्हणजे १२४० मध्ये काम नुकते सुरू होत होते. दुसरे वाचन धरले तर अर्थ होतो 'गच्चीची फरसबंदी'. म्हणजे तेव्हा इमारत छतापर्यंत पोचली होती. एका शब्दाने बांधकामाची वर्षे मागेपुढे होतात. पुढे १२४१ ते १२४६ च्या दरम्यान राज्यातल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या गावाने उचलायची याची जी यादी झाली, तीत हा किल्ला आहे. तेवढ्यावरून एवढे तरी खरे, की त्या वेळेपर्यंत दुरुस्ती करण्याजोगे काहीतरी उभे होते.

आता आत जाऊ या. महाद्वार पूर्वेला आहे. पायऱ्या समोरून येत नाहीत, दोन्ही बाजूंनी चढत येतात आणि दरवाजापुढे मिळतात. दरवाजाची चौकट लालसर, ठिपकेदार दगडाची आहे. बाकी सगळी इमारत फिकट चुनखडीची, त्यामुळे हा रंग उठून दिसतो. कमान टोकदार, गॉथिक वळणाची. पण तिच्यावर बसवलेला त्रिकोणी शिरोभाग आणि बाजूचे चपटे स्तंभ थेट प्राचीन रोमन देवळातले वाटतात. स्तंभांवर दोन सिंह बसले आहेत. मी सीझरांचा वारस आहे, हे सांगायची ही पद्धत. फ्रेडरिकने आपल्या सोन्याच्या नाण्यांवरही स्वतःला रोमन सम्राटासारखाच पेश केला होता. चौकटीच्या आत वरून खाली सोडायच्या लोखंडी जाळीची खाच मात्र आहे. तेव्हा ही इमारत अगदीच बेसावध नव्हती.

दालनांची छते पाहण्यासारखी आहेत. समलंब चौकोनी खोलीवर कमानींचे छत घालणे हे गवंड्याला अवघड काम. इथल्या कारागिरांनी युक्ती अशी केली, की खोलीच्या मधोमध एक चौरस धरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर स्तंभ उभे केले आणि त्यावर फासळ्यांची, म्हणजे दगडी बरगड्यांची, कमान फिरवली. उरलेले दोन्ही बाजूंचे त्रिकोणी तुकडे साध्या टोकदार कमानींनी झाकले. ही बरगड्यांची विद्या सिस्टर्शियन पंथाच्या जोग्यांबरोबर फ्रान्सकडून आलेली. जमिनीवर मात्र कधीकाळी रंगीत दगडांच्या षटकोनांची आणि त्रिकोणांची नक्षी होती, तिचा एक तुकडा शिल्लक आहे. ती अरबी वळणाची. वरच्या मजल्यावरचे स्तंभ तिघातिघांच्या जुडग्यांनी उभे आहेत, शिरा असलेल्या संगमरवराचे. खिडक्या बहुतेक जोडकमानीच्या. एकच खिडकी तीन कमानींची आहे आणि ती उत्तरेला आंद्रियाकडे तोंड करून आहे. फ्रेडरिकच्या दोन राण्या, जेरुसलेमची योलांद आणि इंग्लंडची इझाबेला, आंद्रियाच्या चर्चमध्ये पुरलेल्या आहेत. या दोन गोष्टींचा संबंध मार्गदर्शक मोठ्या हौसेने जोडतात. पुरावा नाही.

या इमारतीत मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो पाण्याचा बंदोबस्त. मुर्जे हे चुनखडीचे पठार असल्यामुळे पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली जिरते. नदी नाही, ओढा नाही. आपल्या गडकऱ्यांना पाण्याची जी काळजी, तीच इथेही. फरक असा, की आपल्याकडे कातळात टाकी खोदली, आणि इथे अंगणाखाली खडकात टाके खोदलेच, पण त्याशिवाय काही बुरुजांच्या डोक्यावरही टाक्या बसवल्या. गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी त्या टाक्यांत जमा होई आणि भिंतीतून काढलेल्या मार्गांनी खाली उतरे. आठांपैकी तीन बुरुजांत गोल फिरणारे जिने आहेत आणि इतर काहींत शौचकूप आहेत. हात धुण्याची सोय, हवा खेळायला झरोके आणि वरून येणारे पाणी. तेराव्या शतकातल्या युरोपात ही चैन दुर्मीळ होती. फ्रेडरिकच्या शत्रूंनी त्याच्यावर जे आरोप केले त्यात तो रविवारीही अंघोळ करतो असा एक होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नळांची गंमत अधिक कळते.

मग हे सगळे कशासाठी? शिकारीचा वाडा असावा, हे एक जुने उत्तर. त्या काळी आसपास रान होते आणि राजाला ससाण्यांचे वेड. खजिना ठेवायची जागा असावी, हे दुसरे. कुणी म्हणतात ही सूर्याच्या सावलीवर चालणारी दगडी पंचांगाची इमारत आहे, अमुक दिवशी अमुक भिंतीची सावली अंगणात अमुक ठिकाणी पडते. कुणी इजिप्तच्या पिरॅमिडांशी नाते लावले आहे. कुणी येशूच्या पवित्र चषकापर्यंत पोचले आहे. अलीकडच्या काळात बारी इथल्या संशोधकांनी असेही सुचवले, की एवढी पाण्याची व्यवस्था पाहता हे अरबी धर्तीचे स्नानगृह असावे.

यातल्या गणिती सिद्धांतांबद्दल मी जरा साशंक आहे. कारण साधे आहे. ज्यांनी फीत धरून मोजले त्यांना दिसले, की अंगणाच्या आठ बाजू सारख्या नाहीत. काहींत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. तेराव्या शतकातल्या गवंड्यांनी दोरी आणि खुंट्या घेऊन असमान खडकावर जे आखले, त्यात असा फरक यायचाच, आणि त्याने इमारतीचे काही बिघडलेले नाही. पण शेकड्याच्या अचूक अपूर्णांकावर ज्यांनी विश्वाचे रहस्य टांगले, त्यांची मात्र पंचाईत होते. आणखी एक अडचण आहे. फ्रेडरिक या किल्ल्यात एक रात्र तरी राहिला, असा एकही कागद नाही. १३ डिसेंबर १२५० रोजी तो पुलियातच, कास्तेल फिओरेंतिनोला वारला आणि पालेर्मोला पुरला गेला. किल्ल्याची सजावट तेव्हा पुरी झाली होती की नाही, हेही नक्की नाही.

खिडकीत बसून आकाशातल्या सावल्या मोजणारा सम्राट आपल्याला कागदांत सापडत नाही. या दालनांत वर्षानुवर्षे राहिलेली माणसे मात्र सापडतात. ती त्याची नातवंडे होती.

फ्रेडरिकनंतर राज्य आले मॅनफ्रेडकडे. हा त्याचा अनौरस पण लाडका मुलगा. बापाच्या ससाण्यांच्या ग्रंथात भर घालणारा. पोपने या घराण्याचे नाव पुसायचे ठरवले आणि फ्रान्सच्या राजाचा भाऊ, अंजूचा चार्ल्स, याला दक्षिणेचे राज्य देऊ केले. २६ फेब्रुवारी १२६६ रोजी बेनेवेंतोच्या लढाईत मॅनफ्रेड पडला. त्याची राणी हेलेना ही एपिरसच्या ग्रीक राजाची मुलगी. १२५९ मध्ये ती जहाजातून त्रानी बंदरात उतरली होती, तेव्हा गावाने तिचे नववधू म्हणून स्वागत केले होते. नवरा गेल्याची खबर आल्यावर ती मुलांना घेऊन पळाली ती त्याच त्रानीला. समुद्रापार माहेरी जाता येईल या आशेने. जहाज सुटले नाही. ती मुलांसकट पकडली गेली. तिला मुलांपासून तोडून नोचेराच्या किल्ल्यात ठेवले आणि १२७१ मध्ये ती तिथेच वारली. तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

तीन मुलगे, एनरिको, फेदेरिको आणि एन्झो, हे कास्तेल देल मोन्तेत कोंडले गेले. थोरला तेव्हा जेमतेम चारेक वर्षांचा. आजोबांनी बांधलेला किल्ला नातवांचा तुरुंग झाला, आणि त्यासाठी किल्ल्यात फारसे काही बदलावे लागले नाही. एक दरवाजा, जाड भिंती, उंचावरच्या खिडक्या, सभोवती उघडा माळ. पळायला जागा नाही, लपायला झाड नाही. वाड्याला न शोभणारी ही सगळी लक्षणे तुरुंगाला फार सोयीची पडली.

याच किल्ल्यात कास्तिलचा राजपुत्र एनरिको हाही १२७७ पासून होता. हा चार्ल्सचाच नातेवाईक. पण फ्रेडरिकचा सोळा वर्षांचा नातू कोनराडिन राज्य परत मिळवायला आला तेव्हा हा त्याच्या बाजूने लढला. कोनराडिनचे डोके १२६८ मध्ये नेपल्सच्या बाजारचौकात उडवले गेले. कास्तिलच्या राजपुत्रासाठी रदबदली करणारे बलाढ्य आप्त होते, तो पुढे १२९१ च्या सुमारास सुटला. मॅनफ्रेडच्या मुलांसाठी बोलायला कुणी नव्हते. त्यांची बहीण बेआत्रिचे १२८४ मध्ये सुटली, ती आरागॉनच्या आरमाराने नेपल्ससमोर लढाई जिंकून चार्ल्सच्या युवराजाला पकडल्यामुळे. मुलगी सोडायला राजे तयार झाले. मुलगे म्हणजे सिंहासनावरचे हक्क, ते आत राहिले. आरागॉनचा राजा या मुलांच्या सावत्र बहिणीचा नवरा होता आणि मॅनफ्रेडचा वारसा सांगूनच त्याने सिसिली घेतली होती. मेहुणे जिवंत बाहेर आले असते तर त्याच्याच हक्काला बाध येत होता. म्हणून त्यानेही फार आग्रह धरला नाही, असे मानायला जागा आहे.

१२९९ मध्ये चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, हुकूम काढला : कैद्यांच्या बेड्या काढा आणि त्यांना नेपल्सला पाठवा. बेड्या काढा, याचा अर्थ तोवर होत्या. तेहेतीस वर्षे. नेपल्सला म्हणजे सुटका नव्हे, समुद्रातल्या कास्तेल देल्लोवो या दुसऱ्या किल्ल्यात बदली. त्यातला एन्झो लवकरच वारला. फेदेरिको कसाबसा निसटला, राजदरबारांतून मदत मागत हिंडला आणि शेवटी इजिप्तमध्ये मेला असे सांगतात. थोरला एनरिको १३१८ मध्ये कैदेतच वारला, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. बावन्न वर्षे तो कैदेत होता. तो रिकामा झाल्यावर त्याच कास्तेल देल मोन्तेत १३०८ मध्ये अंजू घराण्यातल्या एका राजकन्येचे थाटाने लग्न लागले.

हे सगळे आपल्याला कळते कशावरून, तर अंजू राजांच्या दफ्तरावरून. कैद्यांच्या पहारेकऱ्यांचे पगार, अन्न, कपडे, बदल्या यांचे हुकूम त्यांच्या नोंदवह्यांत उतरवलेले होते. शेकडो नोंदवह्या नेपल्सच्या दफ्तरखान्यात होत्या. फ्रेडरिकची १२३९-४० ची एकमेव उरलेली नोंदवहीही, जिच्यात आपला तो चुना-दगडाचा हुकूम होता, तिथेच होती. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी हा अमोल ठेवा पेट्यांत भरून शहराबाहेर सान पाओलो बेलसितो गावाजवळच्या एका बंगल्यात हलवला. ३० सप्टेंबर १९४३ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यातल्या एका तुकडीने तो बंगला पेटवून दिला. सहाशे-सातशे वर्षांचे कागद काही तासांत राख झाले.

त्याच आठवड्यात, सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस, आठवी भारतीय डिव्हिजन पुलियातल्याच तारांतो बंदरात उतरत होती. तीत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै १९४४ मध्ये मराठ्यांच्याच तिसऱ्या पलटणीचे यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात मरणोत्तर या सन्मानाचे मानकरी ठरले. तारांतोहून पुलियातून उत्तरेकडे निघालेल्या त्या डिव्हिजनमधल्या कुणा साताऱ्या-कोल्हापूरच्या जवानाने लांबून ती आठ बुरुजांची आकृती पाहिली असेल का, असे वाटून जाते. आपल्याकडच्या पत्रांत अशा नोंदी कुणी शोधल्या तर बरे होईल.

दफ्तर जळाले, तरी सगळे गेले नाही. दफ्तरखान्याचे प्रमुख रिकार्दो फिलांजिएरी यांनी सहकाऱ्यांना घेऊन एक चिवट उद्योग आरंभला. शतकानुशतके ज्या ज्या अभ्यासकांनी त्या नोंदवह्यांतून उतारे घेतले होते, नकला केल्या होते, छायाचित्रे काढली होती, ती सगळी देशोदेशींहून गोळा करून जळालेल्या वह्या पानापानाने पुन्हा जुळवायच्या. डझनांनी खंड निघाले आहेत. आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाण्यांच्या दुकानांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत होते. त्यांना या कामाचे मोल लगेच कळले असते. फ्रेडरिकचा तो हुकूम आज आपण वाचू शकतो तो जुन्या छापील प्रतींमुळे आणि वेळेवर घेतलेल्या छायाचित्रांमुळे.

किल्ल्याची पुढची कहाणी उताराची आहे. १५५२ मध्ये आंद्रियाच्या जहागिरीबरोबर तो काराफा घराण्याने विकत घेतला. १६५६ च्या प्लेगात आंद्रियातल्या काही खानदानी कुटुंबांनी गाव सोडून इथे आसरा घेतला. पुढे दारे-खिडक्या गेल्या, भिंतींवरचे संगमरवरी पत्रे उचकटले गेले, मूर्ती फुटल्या. मेंढपाळ पावसात आपली मेंढरे घेऊन त्या संगमरवरी स्तंभांच्या दालनांत शिरत, आणि कधी दरोडेखोर आणि फरारीही लपत. १८७६ मध्ये एकसंध झालेल्या इटलीच्या सरकारने काराफांकडून तो २५,००० लिरांना विकत घेतला. तीनेक वर्षांत दुरुस्तीला सुरुवात झाली. १९२८ च्या दुरुस्तीच्या वेळी ढिगाऱ्यात एक फुटका दगडी चेहरा सापडला. तो फ्रेडरिकचा असावा असे काहींना वाटते. अंगणात वर पाहिले तर पहिल्या मजल्यावर तीन दरवाजे पोकळीत उघडतात. तिथे कधीकाळी लाकडी सज्जा असावा, आता खाली पंचवीसेक फुटांवर फरशी आहे.

१९९६ मध्ये युनेस्कोने कास्तेल देल मोन्तेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २००२ मध्ये युरो आला तेव्हा इटलीने आपल्या सर्वांत लहान नाण्यावर, एक सेंटवर, हा किल्ला घातला. टांकसाळीतून तेव्हा एक चूकही झाली. काही एक सेंटच्या नाण्यांवर किल्ल्याऐवजी दोन सेंटच्या नाण्यावरचा तुरिनचा मनोरा छापला गेला, आणि ती चुकीची नाणी आता संग्राहक हजारो युरोंना घेतात. बरोबर छापलेल्या नाण्यांची किंमत मात्र एक सेंटच राहिली. २०१८ पासून इटलीने चलनासाठी ती पाडणेही थांबवले आहे. जी बाजारात आहेत ती अजून चालतात.